नाझरांचं साहेबी अळू

आमच्या गल्लीत अजून दोन-चार तोंडं अशी आहेत, जी म्हणतात की नाझरांच्या घरातलं ते झाड त्यांना मी विकलं. मी विकलं नाही. भर लिलावात ते माझ्या हातातून काढून घेतलं गेलं, आणि ज्याने काढून घेतलं तोच लिलाव पुकारत होता. हे एकदा लिहून ठेवायचं होतं. लिहायला बसलो तर माझ्या तक्रारीपेक्षा तो माणूसच जास्त आठवायला लागला. त्याला माझा इलाज नाही.

नाव विनायकराव. नगरच्या कोर्टात ते नाझर होते; जप्त्या करायच्या आणि जप्तीतला माल लिलावात काढायचा, हे त्यांचं काम. नोकरी संपली तरी लोक त्यांना नाझरसाहेबच म्हणत. उंच, वाळकी अंगलट, डोक्याला काळी टोपी, हातात चांदीच्या मुठीची शिसवी काठी. लिलाव तोडताना ती मूठ ते टेबलावर आपटत. एकवार, दोनवार, तीनवार. तिसरा ठोका पडला की वस्तू गेली. मग देव आला तरी परत मिळायची नाही.

आणि आवाज! घरात बोलले तरी धाब्याच्या छतावरची कबुतरं उठायची. हळू बोलणं त्यांना येतच नव्हतं. मी शेवगावकडून हातगाडी ढकलत नगरला आलो, त्यांच्या घरासमोर जुन्या सामानाचं दुकान टाकलं, दुकान वाढवलं, कुणाच्या बापाचं काही न घेता चार माणसांत उठबस करायला लागलो; पण नाझरांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. "ए भंगार!" अशी आरोळी यायची आणि अख्ख्या गल्लीला कळायचं की मला बोलावलंय.

युद्ध पेटलं तसे कॅम्पातले साहेब एकेक करून हलायला लागले. साहेब गेला की बंगल्यातलं सामान लिलावात निघायचं, आणि पुकारायला नाझरांना टांगा पाठवून नेत. असल्याच एका बंगल्यात मी ती कुंडी पाहिली. पितळेची, हंड्याएवढी, काठाला वेलाची नक्षी, खाली सिंहाचे पाय. तिच्या आत मातीची कुंडी आणि मातीच्या कुंडीत ते झाड. झाडाशी मला कर्तव्य नव्हतं. पानं अळूसारखी, बदामी आकाराची, पण काळपट हिरवी, चामड्यासारखी जाड आणि तेल चोपडल्यासारखी चकचकीत. शिरा पांढऱ्याफेक. दिवाणखान्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ते उभं होतं.

नाझर त्याच्याकडे पाहत राहिले. साहेबाच्या म्हाताऱ्या खानसाम्याला म्हणाले, "उन्हाशिवाय जगतं हे?"

"धूप नहीं चाहिए, साब. अंधेरे में खुश रहता है. बस, मुंह मत लगाना. जबान बंद हो जाती है."

"म्हणजे?"

खानसाम्याने स्वतःचा गळा दोन बोटांत धरून दाखवला. नाझर हसले. हसताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं असेन.

कुंडी निघाली. मी बोली लावली, दुसरं कुणी बोललं नाही. "एकवार," नाझर म्हणाले. मग थांबले. मग अगदी साध्या सुरात, जणू हवापाण्याचं बोलावं तसं, त्यांनी माझ्यावर स्वतःची बोली चढवली आणि मी श्वास घेईपर्यंत "दोनवार-तीनवार" म्हणून मूठ आपटली.

"आवं नाझरसाहेब!" मी ओरडलो. "पुकारणारानंच बोली लावायची, ही कुठली रीत हाय?"

"ओरडू नकोस. झाड घेतलंय मी."

"मग झाड न्या की! कुंडी माजी द्या."

"त्याला या कुंडीची सवय आहे," ते म्हणाले. "आणि तुझी गाडी बाहेर आहे ना? जपून न्यायची. पान फाटलं तर बघ."

असं ते झाड माझ्या हातगाडीवरून आमच्या गल्लीत आलं. लोकांनी ते पाहिलं, आणि तेवढंच लक्षात ठेवलं.

नाझरांच्या घरात तेव्हा तिघंच होती. ते स्वतः, त्यांची विधवा थोरली बहीण जिजी, आणि नात सुमी. मुलगा फौजेत कारकून होऊन ब्रह्मदेशाच्या बाजूला गेला होता. सून इंदू त्याच वर्षी तापाने गेली, नाझरांच्या डोळ्यांसमोर, नवरा दूर असताना. मुलाने लिहिलं होतं ते एवढंच की सुमीला सांभाळा. सुमी चार-पाच वर्षांची, जे दिसेल ते तोंडात घालणारी. खडू, कोळसा, भिंतीचा चुना, काहीही.

मधल्या खोलीत, जिथे इंदूची खाट होती, तिथे आता ती कुंडी आली. खिडकी उत्तरेची. मी दुकानाच्या फळीवर बसलो की खिडकीतून ती पांढऱ्या शिरांची पानं दिसायची.

त्या माणसाने ते झाड जसं जगवलं, तसं पोटचं पोर कुणी जगवत नाही. आपलं नगर कसं कोरडं! चैत्रात तोंडाची कातडी तडकते, तिथे या झाडाला पाणथळ रानातली हवा लागायची. नाझरांनी खिडकीला गोणपाट टांगलं आणि उन्हाळाभर ते स्वतःच्या हाताने ओलं ठेवलं. सीना नदीची वाळू, कुजका पाला आणि विटांचा चुरा कालवून माती केली. पाणी घागरीत शिळं करूनच घालायचे, आणि तेही आधी मातीत बोट खुपसून. बोट ओलं निघालं तर पाणी नाही. "हे तहानेने मरत नाही," ते मला ओरडून सांगत, "लाडाने मरतं." थंडी पडली की कुंडी खिडकीपासून आत सरकायची. उजेडाकडे झुकू नये म्हणून दर शनिवारी ती थोडी फिरवायची.

आणि रोज सकाळी पानं पुसायचे. एक तळहात पानाखाली धरायचा, दुसऱ्या हाताने ओलं फडकं देठापासून टोकाकडे न्यायचं, हळू, अगदी हळू. एवढा मोठा आवाज असलेल्या माणसाचा हात इतका हलका असेल असं कुणाला वाटलं नसतं. मी एकदा फळीवरून म्हणालो, "साहेब, एवढी चाकरी कुणाची केली न्हाई तुमी." ते पुसत राहिले. मग म्हणाले, "इंदूच्या वेळी मला काही करता आलं नाही. हे मरणार नाही."

गल्लीतल्या बायकांना ते झाड आवडलं नाही. भल्या पहाटे त्याच्या पानांच्या टोकांना थेंब लोंबायचे, जमिनीवर पडायचे. पाणी जास्त झालं की असं होतं, असं नाझर सांगत. बायका म्हणायच्या ते रडतं. त्यातून त्याची एक खोड होती. चार पानं पुरी झाली की पाचवं गुंडाळीतून सुटायचं, आणि ते सुटलं की सगळ्यात जुनं पिवळं पडून मान टाकायचं. पाच कधी टिकली नाहीत. "घरात माणसंबी चारच," समोरची चंद्राबाई शेळ्या वळता वळता म्हणाली. "पोरगा धरून चार. मला न्हाई बाई ह्यो हिशोब बरा वाटत." नाव मात्र तिनेच पाडलं, साहेबी अळू. ते चिकटलं.

त्याच चंद्राबाईची शेळी एकदा उघड्या दारातून आत शिरली आणि खालचं एक पान ओढून निघाली. चंद्राबाई माझ्या फळीपाशी आली तेव्हा शेळीच्या तोंडातून फेस गळत होता. ती ओरडायला तोंड उघडायची, मान ताणायची, आणि आवाज नाही. नुसती ताणलेली मान. दोन दिवस ती तशीच, चाऱ्याला तोंड न लावता, गल्लीत फिरत राहिली. जगली, पण पोरं तिच्या वाटेला जाईनाशी झाली.

"आता तरी काढा त्ये घरातनं!" चंद्राबाई नाझरांच्या दारात उभी राहून म्हणाली. "घरात लेकरू हाय तुमच्या!"

"शेळी माझी नाही आणि पान तुझं नाही," नाझर गरजले. "दारात उभी राहून बडबडलीस तर तुलाही त्यातलंच एक पान वाढीन."

ही त्यांची तेव्हापासूनची धमकी झाली. तगादेवाला, भांडखोर भाडेकरू, मी, सगळ्यांना एकच. हसण्यावारी न्यायची की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं नाही.

सुमीसाठी त्यांनी दुसरी सोय केली नव्हती. कुंडीला कठडा नाही, खोलीला कडी नाही. सोय म्हणजे त्यांचा आवाज. पोरगी खोलीच्या उंबऱ्यावर गेली की ओसरीतून, मोरीतून, धाब्यावरून, कुठूनही आरोळी यायची, "सुमे, हात!" पोरीचे दोन्ही हात पाठीमागे जायचे. न चुकता. समोर दुकानात बसून माझेसुद्धा हात कधी कधी तराजूवरून निघायचे.

मुलगा रजेवर आला तेव्हा याच गोष्टीवरून बापलेकांचं वाजलं. गल्लीला कान लावायची गरजच नव्हती.

"बाबा, शेळीचं ऐकलं मी. हे झाड बाहेर टाका."

"तू तिथे तोफांखाली बसलास, आम्ही म्हणतो का बाहेर ये?"

"सुमीच्या तोंडात गेलं तर?"

"जाणार नाही. माझा आवाज आहे तोवर त्या पोरीचा हात पानाला लागणार नाही. बस, संपलं."

मुलगा जाताना माझ्या फळीशी थांबला. "मामा, लक्ष ठेवा," म्हणाला. मी म्हणालो, ठेवतो. दुसरं काय म्हणणार? त्या घरात माझा शब्द भंगारात जमा होता.

पुढच्या भाद्रपदात जिजी हिवतापाने अंथरुणाला खिळल्या. इंदूची नवमी तोंडावर आली होती. सवाष्ण गेलेल्या बाईचं श्राद्ध पितृपक्षातल्या नवमीला करतात. मुलगा परमुलखात, म्हणून नाझरांनी ते स्वतः करायचं ठरवलं. स्वयंपाकाला पुणतांब्याहून त्यांच्या चुलतभावाची बायको आली. काकू म्हणत सगळे त्यांना. गोल, हसऱ्या, हाताला चव असलेल्या. पुणतांबं म्हणजे गोदाकाठ, तिथे मोरीच्या पाण्यावर अळू कंबरेएवढं वाढतं.

नवमीच्या सकाळी नाझर सोवळ्यात होते, म्हणून पानं पुसायला गेले नाहीत. झाड आल्यापासूनचा तो एकच दिवस. ते धाब्यावर जागा सारवून घेत होते, जिजी तापाच्या गुंगीत होत्या, सुमी फुलं निवडत होती. श्राद्धाला अळूची भाजी लागतेच. बाजारातून आणलेलं अळू सुकून पिवळं पडलेलं. आणि मधल्या खोलीत काकूंना दिसलं ते तुळतुळीत, ओलाव्यात वाढलेलं, पुसून-जपून ठेवलेलं.

पुढे काय झालं ते काकूंनी नंतर माझ्या फळीवर बसून, पदराने डोळे पुसत सांगितलं. "मला वाटलं, भावोजींनी नवमीसाठीच जपलंय हो! देठ सोलताना हाताची आग झाली. म्हटलं अळूच ते, खाजायचंच. चिंचेचा कोळ दुप्पट घातला, गूळ घातला, दाणे घातले. चव कशी घेणार? श्राद्धाचं अन्न. पितरांच्या आधी जिभेला लावायचं असतं का कुणी?"

त्यांचं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही.

दुपारी धाब्याच्या कठड्यावर कावळ्याचं पान ठेवलं. भात, वरण, वडे, खीर, अळू. गल्लीत कावळ्यांना तोटा नव्हता. पितृपक्षात तर ते माजलेले असतात. एक आला. पानाभोवती फिरला, मान वाकडी करून पाहिलं आणि मागे सरला. दुसरा आला, तोही मागे. मग समोरच्या कडुलिंबावर ओळीने बसून राहिले, गप्प.

नाझर हात जोडून उभे होते. उन्हाने डोकं तापलेलं. "ए भंगार!" ते वरून ओरडले. "तुझा तराजू वाजवू नकोस. कावळे बुजतात."

"तराजूला न्हाई बुजत ते, साहेब. काय तरी राह्यलंय म्हणत्यात."

"तुला विचारलं?"

पण खाली माणसं जमली होती आणि सगळ्यांच्या मनात तेच होतं. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय. नाझर एकेक वचन द्यायला लागले. त्यांचा आवाज तेव्हाही खाली येत नव्हता, म्हणून मेलेल्या सुनेशी त्यांचं बोलणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "इंदू, सुमीला शाळेत घालीन." कावळे बसून. "तिच्यावर सावत्र आई आणू देणार नाही." कावळे बसून. "तुझे दागिने तिच्याच अंगावर घालीन."

आतून जिजींचा तापलेला, चिरका आवाज आला. "विनायका, झाड काढतो म्हण! तिचा जीव पोरीत आहे. झाड काढतो म्हण!"

नाझरांची नजर कावळ्यांवर. जोडलेले हात तसेच. चंद्राबाई खालून म्हणाली, "म्हणा की वो साहेब! शबुद तर द्यायचा हाय!"

"झाडाने कुणाचं काय केलंय?" ते एकदम गरजले. लिंबावरचे कावळे उडाले आणि परत आले नाहीत.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पानाला शिववला, शिधा घेतला आणि ते निघून गेले. दुपार टळत आली होती. सुमी भुकेने रडत होती. पानं मांडली. त्या घरची रीत अशी की कर्त्याने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी पानाला हात लावायचा नाही. मी फळीवर होतो, माणसं पांगत होती. दार उघडंच होतं.

मग तो आवाज आला.

"सुमे, हात!"

तो इतका मोठा होता की मी उभा राहिलो. कबुतरं उठली. त्यानंतर ताट पालथं पडल्याचं ऐकू आलं, आणि मग काहीच नाही.

मी धावत आत गेलो. सुमी पाटावर, हात पाठीमागे, समोर न शिवलेली अळूची वाटी. काकू भाताचं पातेलं धरून उभ्या. नाझर गळा दोन्ही हातांनी धरून बसले होते. ओठ फुगत होते. जीभ दातांच्या बाहेर आली होती आणि लाळ छातीवर गळत होती. ते मधल्या खोलीकडे बोट दाखवत होते. तोंड उघडायचे, मान ताणायचे, आवाज नाही. ती शेळी माझ्या डोळ्यांपुढे आली.

माझ्या त्याच हातगाडीवर घालून त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं.

ते जगले. सूज उतरली. डॉक्टर म्हणाले, आवाज येईल. तो आला नाही. घशातून नुसतं फडक्यासारखं काही फडफडायचं. काकू रडत पुणतांब्याला गेल्या. काठी खुंटीला टांगली गेली. घर इतकं गप्प झालं की मला समोर धंदा करवेना.

झाडाचे मोठे देठ काकूंनी कापले होते, मधली एक गुंडाळी तेवढी उरली होती. नाझरांनी ते टाकलं नाही. पुन्हा बोट मातीत, पुन्हा शिळं पाणी. पण आता सुमी मोकळी झाली होती. त्या घरात मनाई म्हणजे आवाज, आणि आवाज राहिला नव्हता. ती उंबऱ्यावर जायची, मागे वळून बघायची, थांबायची, आणि काही येत नाही म्हणून आत शिरायची. नाझर धावत. टाळ्या वाजवत. पोरगी तो खेळ समजून हसायची आणि उलट टाळ्या वाजवायची. एकदा मी खिडकीतून पाहिलं: ती कुंडीच्या काठावर हनुवटी टेकून त्या गुंडाळीकडे बघत होती, आणि मोरीच्या दारात नाझर तोंड उघडून उभे होते.

दोन-तीन दिवसांनी सकाळीच घसटण्याचा आवाज आला. नाझर ती पितळी कुंडी एकटेच ओढत गल्ली ओलांडत होते. सिंहाचे पाय फरशीवर किरकिरत होते. बगलेत काठी. मागून सुमी. मी हात द्यायला उठलो तर त्यांनी मला हातानेच बसवलं. कुंडी माझ्या फळीसमोर उभी केली, काठी उलटी धरली आणि चांदीची मूठ माझ्या फळीवर एकदा आपटली.

एकवार. मला कळलं. माझ्या तोंडून बोली निघेना. एरवी मी कुणाला घासाघीस केल्याशिवाय सोडत नाही.

दुसरा ठोका पडला. मग ते थांबले, त्या दिवशी बंगल्यात थांबले होते तसेच, आणि झाडाकडे पाहत राहिले. गुंडाळी रात्रीत उलगडली होती. एकच पान, कोवळं, पांढऱ्या शिरांचं, आणि टोकाला थेंब.

सुमी खाली वाकली. थेंब पडू नये म्हणून तिने त्याखाली बोट धरलं आणि तोंड उघडलं.

नाझरांनीही तोंड उघडलं, सवयीने. मग तिसरा ठोका पडला. फळी चिरली, ती चीर अजून आहे. धाब्यावरची कबुतरं भर्रकन उठली आणि सुमीचे दोन्ही हात पाठीमागे गेले.

थेंब तिच्या बोटाला लागला होता की नाही, ते मला दिसलं नाही. नाझरांनाही दिसलं नसावं. ते धुळीत गुडघ्यांवर बसले. पाठीमागचा तिचा हात त्यांनी पुढे ओढून घेतला, एक तळहात त्याखाली धरला, आणि उपरण्याचा पदर घेऊन तिची बोटं पुसायला लागले. मुळापासून टोकाकडे, हळू, अगदी हळू. मी दुकान लावून घेतलं तेव्हाही ते पुसतच होते.